आपले बारसे आपणच

मराठी घरात मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आत्या त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगते. मुलाचे मत कुणी विचारत नाही. ते झोपलेले असते, नाहीतर रडत असते. पुढे शाळेच्या दाखल्यावर त्या नावामागे बापाचे नाव आणि आडनाव लागते आणि माणूस जन्मभर तीन शब्द घेऊन फिरतो. त्यातला एकही त्याने निवडलेला नसतो. मग कुणाच्या पंधराव्या वर्षी, कुणाच्या साठाव्या वर्षी, पडद्यावर एक रिकामी चौकट उघडते आणि तुम्हाला कोणते नाव हवे ते टाका म्हणते. असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलेला असतो.

त्या चौकटीत लोकांनी काय लिहिले आणि का लिहिले, याच्या हकीकती या पुस्तकात आहेत. आंतरजालावरचे नाव, बोलण्यातला शब्द वापरायचा तर आयडी, ही गोष्ट इतकी किरकोळ वाटते की तिच्यावर पुस्तक निघावे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. मराठीत स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याची चाल सातशे वर्षांची तरी आहे, आणि आजच्या आयडीचे पुष्कळसे गुण-अवगुण त्या जुन्या चालीत आधीच दिसतात. संपादकांनी प्रस्तावनेची पाने मोकळी सोडली आहेत, म्हणून विषय जरा मागे नेण्याची मुभा घेतो.

टोपणनाव म्हणजे बुरखा, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मराठीत ज्यांनी ज्यांनी आपले नाव आपण घेतले त्यांच्याकडे नीट पाहिले, तर लपण्यासाठी नाव घेणारे थोडे आणि आपण कुणाचे आहोत हे सांगण्यासाठी नाव घेणारे फार, असे आढळते.

अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही आपल्याकडची जुनी सही. तुकोबा आणि चोखोबा आपले नाव सरळ घालतात. एकनाथांची मुद्रा मात्र 'एका जनार्दनी' आहे. देवगिरीचे गुरू जनार्दनस्वामी शेजारी असल्याशिवाय पैठणच्या एकनाथाला आपले नाव पुरे वाटत नाही. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. ज्ञानदेवांच्या अभंगांत 'बापरखुमादेवीवरु' येते, तिथे तर कवीचे नावच नाही, विठ्ठलाचे आहे. जांबच्या नारायण सूर्याजी ठोसर या मुलाने रामाचे दास्य पत्करले आणि रामदास झाला; ठोसर हे आडनाव आता परीक्षेतल्या रिकाम्या जागा भरण्यापुरते उरले आहे. मोरोपंत पराडकरांनी आपल्या नावातला मोर धरला, कवितेत 'मयूर' झाले, आणि मोराने देवाला घातलेली साद म्हणून आपल्या काव्याला 'केकावली' म्हटले. स्वतःच्या नावावर कोटी करावी आणि तिच्यातून थेट करुणरसात उतरावे, हे पंतांनाच जमले.

या मुद्रेला आजच्या आयडीसारखाच एक रोग होता. तिला कुलूप नव्हते. अभंग तोंडोतोंडी चालत, लिहिणारा आपली ओळ रचून शेवटी थोराचे नाव घालू शके, आणि पुष्कळांनी ते भक्तीनेच केले. तुकोबांच्या गाथेतले क्षेपक वेगळे काढताना संशोधकांच्या पिढ्या खपल्या. नामदेवांच्या गाथेत तर नंतरच्या विष्णुदास नामा या कवीची रचना मिसळून गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रात लेख लिहून असा वाद उभा केला की ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव एक आणि विठ्ठलाचे अभंग रचणारा दुसरा. एका नावाखाली दोन माणसे दडली आहेत असे सांगणारे हे लेख भारद्यांनी स्वतः 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिले होते! शाहिरांकडे याच्या उलट प्रकार. होनाजी बाळा हे नाव एका माणसाचे वाटते. होते दोघे, होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर. दोघांनी मिळून चालवलेले एकच खाते, आणि तेही भांडण न होता लोकांच्या ध्यानात राहिलेले.

अर्वाचीन कवितेत आले की नात्यांचा नुसता पूर येतो. मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांनी वडिलांच्या नावावरून केशवसुत हे नाव घेतले. राम गणेश गडकऱ्यांनी धाकट्या भावाच्या नावावरून गोविंदाग्रज. काशिनाथ हरि मोडक माधवानुज झाले. पुढे विष्णु वामन शिरवाडकरांनी बहीण कुसुम हिच्या नावावरून कुसुमाग्रज घेतले. सुत, अग्रज, अनुज: कवीने आपली ओळख द्यायची तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने. ज्यांची नावे अशी अमर झाली ते केशवपंत, तो गोविंद, ती कुसुम यांनी स्वतः कविता केल्याचे कुणी सांगत नाही. शिरवाडकरांचे प्रकरण तर आणखी मजेचे आहे. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ; काका वामनराव यांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. म्हणजे एकदा आईबापांनी नाव दिले, एकदा दत्तकविधानाने दिले, आणि तिसऱ्या वेळी जे स्वतः घेतले ते धाकट्या बहिणीला वाहिले. १९८७चे ज्ञानपीठ जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्राच्या तोंडी हे तिसरेच नाव होते, आणि त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो तोही या नावाच्या आठवणीने.

गडकऱ्यांनी कामाप्रमाणे नावे वाटून घेतली होती. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला स्वतःचे नाव. आज कचेरीच्या कामाला एक ईमेल, घरच्या व्यवहाराला दुसरा आणि नुसती मजा करायला तिसरे खाते ठेवणाऱ्याला आपण काही नवे करतो आहोत असे वाटत असेल, तर त्याने 'संपूर्ण बाळकराम' चाळावे. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी हीच वाटणी अधिक कडकपणे पाळली. कविता आरती प्रभूची, कादंबऱ्या आणि नाटके चिं. त्र्यं. खानोलकरांची. एकाच माणसातले हे दोघे एकमेकांच्या कामात लुडबुड करीत नाहीत, आणि वाचकांनीही ही शिस्त मानली. 'कोंडुरा' आरती प्रभूंची असे म्हणणारा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे.

नात्याचा हा साचा इतका रुळला की त्याची थट्टाही होऊ लागली. प्रल्हाद केशव अत्र्यांनी 'झेंडूची फुले' १९२५ साली काढली तेव्हा त्यावर केशवकुमार हे नाव घातले. वडील केशव हे खरेच, पण केशवसुतांच्या नावाचा गाजावाजा असताना हे नाव घेऊन विडंबने लिहायची यातला खट्याळपणा वाचकाच्या लक्षात येतोच. विडंबनाचा मारा मुख्यतः रविकिरण मंडळावर होता, आणि त्या मंडळात यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, माधव ज्युलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अशी नावांची चंगळच होती.

पटवर्धनांच्या नावाशी जरा थांबतो. त्या काळात 'माधव' या एकेरी नावाने माधव केशव काटदरे लिहीत होते, माधवानुज तर होतेच. पटवर्धनांनी आपल्या माधवला ज्युलियन जोडले. हा ज्युलियन शेलीच्या कवितेतला असे कुणी सांगतात, कुणी इंग्रजी कादंबरीकडे बोट दाखवतात. काहीही असो, तीन माधवांमधला हा वाचकाला लगेच वेगळा ओळखू येऊ लागला. पटवर्धन फारसीचे प्राध्यापक, फार्शी-मराठी कोशाचे कर्ते; गझलेच्या शेवटच्या शेरात तखल्लुस गुंफण्याची रीत त्यांना घरची होती. त्या परंपरेत तर नावावरून होणाऱ्या टकरी नित्याच्या. असदुल्ला खान आधी 'असद' या नावाने लिहीत. त्याच नावाच्या दुसऱ्या शायराचे शेर आपल्या माथी मारले जातात हे पाहून त्यांनी 'गालिब' धरले, असे सांगतात. हे नाव आधीच घेतलेले आहे, कृपया दुसरे निवडा: ही सूचना यंत्राने शोधून काढलेली नाही.

आता लपण्यासाठी घेतलेली नावे. ती थोडी आहेत, पण वजनदार आहेत, आणि त्यांच्यामागची कारणे पाहिली की बुरखा हा शब्द तुच्छतेने उच्चारवत नाही. गोपाळ हरि देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते आणि ब्राह्मण समाजात राहत होते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी दोघांनाही झोंबेल अशी शंभरावर पत्रे लिहिली, ती लोकहितवादी या नावाने. नाव घेतले तेव्हा ते पंचविशीत होते. त्या वयाच्या सरकारी चाकराने उघडपणे पेशवाईच्या वारसांना आळशी आणि अडाणी म्हणावे, ही अपेक्षा आजही कुणी करणार नाही.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले मराठीत इतके उघड कुणी लिहिले नव्हते. पुस्तकाने गहजब केला आणि ही बाई कोण, बाईच आहे की बुवा, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि मुलींच्या शिक्षणाचेच काम करणाऱ्या. आडनाव लहानपणीच्या गावावरून, घोडनदी म्हणजे शिरूर. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. खऱ्या नावाने हे पुस्तक आले असते तर त्यांची नोकरी टिकली असती असे मला वाटत नाही, आणि पुस्तक लिहिले गेले असते असेही वाटत नाही. आज अनेक मुली फुलाच्या, मांजराच्या, कार्टूनच्या नावाआडून जे लिहितात त्याला 'हिंमत असेल तर खऱ्या नावाने लिहा' असे उत्तर देणाऱ्यांनी विभावरीबाईंचे पुस्तक कपाटातून काढून पाहावे.

बाईच्या नावाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. पुरुषाला टोपणनाव ही हौस होती; बाईचे नाव मात्र लग्नात तांदळाच्या ताटात बोटाने नव्याने लिहिले जाई. कल्याणच्या यमुनेची आनंदीबाई जोशी झाली, देवराष्ट्र्याच्या यमुनेची रमाबाई रानडे झाली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोन यमुना आणि एक मनकर्णिका इतिहासात नाहीशा झाल्या आणि ज्या नावांनी आपण त्यांना ओळखतो ती त्या बायकांनी मागितलेली नव्हती. या पार्श्वभूमीवर एखादी बाई स्वतःसाठी आयडी निवडते, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. या पुस्तकातल्या काही बायकांनी लिहिले आहे की लग्नानंतर सगळ्या कागदांवर आडनाव बदलले, ईमेलमध्ये मात्र माहेरचेच राहिले. बँक, नोकरी, जुन्या मैत्रिणी सगळे त्या पत्त्याला बांधलेले, बदलायचा कंटाळा. कंटाळ्याने का होईना, हे आडनाव टिकले.

असाच एक शब्द जन्माने लादलेल्या नावांविषयी. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची चाल होती. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीत अशी नावे पडत ती नवसापोटीच असे म्हणता येत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ची रचना आठवा. १९७८ साली आलेल्या त्या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. घेतलेले नाव दिलेल्या नावासमोर बसून त्याची जबानी घेते आहे, असा प्रसंग मराठी गद्यात दुसरा मला माहीत नाही. तुकाराम भाऊराव साठे या वाटेगावच्या मुलाचे अण्णा भाऊ झाले ते मात्र लोकांच्या हाकेमुळे. हाक हीच तिथे पदवी ठरली.

लपण्याचा आणखी एक प्रकार निव्वळ खेळाचा. 'ललित' मासिकात ठणठणपाळ लेखकांची रेवडी उडवीत असे, वसंत सरवट्यांनी त्याला भलामोठा हातोडा देऊन चितारले होते, आणि तो म्हणजे जयवंत दळवी हे कळेपर्यंत साहित्यिकांनी एकमेकांवर पुरेसा संशय घेऊन झाला होता. ही परंपरा तंबी दुराईपर्यंत चालत आली. या नावांनी टोचले, पण कुणाला आयुष्यातून उठवले नाही; कारण संपादकाला खरे नाव ठाऊक असे आणि मर्यादा सुटली तर जाब विचारायला एक माणूस होता. आजच्या निनावी शिवराळपणात आणि ठणठणपाळात मुख्य फरक हाच. तिकडे मधला संपादक गेला.

नावांच्या या सगळ्या तऱ्हा एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर लता मंगेशकरांचे उदाहरण घ्यावे. आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून, वडील दीनानाथांनी स्वतः धारण केलेले. घराण्याचे मूळ आडनाव हर्डीकर. मुलीचे पाळण्यातले नाव हेमा. दीनानाथ गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकात काम करीत. त्यातल्या लतिका या पात्रावरून मुलीचे नाव लता झाले. म्हणजे गोविंदाग्रजांनी धाकट्या भावाला अमर केले आणि त्यांच्या नाटकाने दीनानाथांच्या थोरल्या मुलीला नाव दिले. ही लता पुढे भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत देऊ लागली ती आनंदघन या नावाने. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' यांच्या श्रेयनामावलीत आनंदघनच आहे. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला आणि समारंभात आनंदघन यांना पुकारले गेले, तेव्हा कुणी उठेचना. अखेर निवेदकाने सांगितले की हे संगीतकार याच सभागृहात बसले आहेत आणि त्यांचे नाव लता मंगेशकर. ज्या आवाजाला देशभर ओळखीची गरज नव्हती, त्या आवाजाला दुसऱ्या कामासाठी अनोळखी व्हावेसे का वाटले असेल? मला वाटते, गायिकेच्या दबदब्याने चाली जोखल्या जाऊ नयेत म्हणून. याच काळात शान्ता शेळके चित्रपटगीतांसाठी डॉ. वसंत अवसरे झाल्या होत्या.

कवी ग्रेस यांची गोष्ट याच्याशी जुळणारी आणि तरी निराळी. नागपूरचे माणिक सीताराम गोडघाटे यांनी इन्ग्रिड बर्गमनचा एक चित्रपट पाहिला आणि त्यातल्या एका उद्गारातून आपले नाव उचलले. अशा नावाला घर नाही, गाव नाही, गुरू नाही. नात्याच्या नावांच्या शेवटी असे एखादे नाव येते आणि पुढच्या पिढीसाठी दार उघडते. कारण आंतरजालावरची पुष्कळ नावे सिनेमातूनच आली आहेत.

आता यंत्राकडे वळतो, पण फार वेळ नाही. १९६१च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकाच संगणकावर अनेकांनी आळीपाळीने काम करण्याची व्यवस्था फर्नांडो कॉर्बातो यांच्या देखरेखीखाली झाली, आणि तेव्हापासून यंत्राला समोरचा माणूस कोण हे वेगळे सांगावे लागू लागले. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ॲट हे चिन्ह बसवले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले. पुढे सायबर कॅफे आले, तासाच्या हिशेबाने पैसे भरून पहिला ईमेल काढणारी पिढी आली, आणि मग ऑर्कुट. 'कूल', 'रॉकिंग', 'एंजल', 'डेव्हिल' ही विशेषणे त्या दहा वर्षांत जेवढी खपली तेवढी पुन्हा खपली नाहीत.

यंत्राच्या अटी दोन, आणि नावांची सगळी वेडीवाकडी रूपे त्यातून निघाली. पहिली अट, नाव जगात एकच असले पाहिजे. महाराष्ट्रात प्रत्येक गल्लीत एक अमोल, एक सचिन, एक प्रिया. पाटील तर मोजायलाच नकोत. म्हणून नावामागे आकडा आला. जन्मसाल, वाढदिवस, तेंडुलकरचा १०, धोनीचा ७, आणि काहीच सुचले नाही तर १२३. दुसरी अट अक्षरांची. इन्स्टाग्राम तीस अक्षरे देते, ट्विटर पंधराच देत आले, आणि दोन्हीकडे रोमन अक्षरे सक्तीची. आपला ळ तिथे नाहीसा होतो. बाळासाहेबाचा बालासाहेब होतो आणि काळेंना काले व्हावे लागते. देवनागरीत नाव घेता येईल अशी मराठी संकेतस्थळे आली तेव्हा लोकांनी हौसेने अस्सल मराठी नावे घेतली: पदार्थांची, झाडांची, पु.लं.च्या पात्रांची, आजीच्या शिव्यांची. या संग्रहातला तो भाग मला सर्वांत आवडला.

पु.लं.वरून आठवले. आद्याक्षरांनी माणसाला हाक मारण्याची आपली जी सवय आहे, पुलं, गदिमा, वपु, जीए, ती म्हणजे घरगुती आयडीच. दोनतीन अक्षरे, जगात एकच, आणि ऐकताच माणूस उभा राहतो. गोव्याच्या गाडीवर 'जीए' दिसले की मला अजून गुरुनाथ आबाजी कुलकर्णी आठवतात.

गाडीची पाटी हा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरुण मुलांच्या खात्यांवर नावाच्या शेवटी हमखास दिसते ते परिवहन कार्यालयाचे चिन्ह: एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ११ सातारा, एमएच १० सांगली. कराडला एमएच ५० हा वेगळा क्रमांक मिळाला तेव्हा तिथल्या पोरांनी साताऱ्याचा ११ टाकून ५० लावला. कार्यालयीन सोयीसाठी कुणी कारकुनाने नेमलेला आकडा, आणि त्याला मुलांनी आडनावाची जागा दिली. परंतु हे आपल्या वळणाचेच आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण अर्नाळ्यावरून बाबूराव अर्नाळकर झाले आणि त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. खरे शिरूरकर झाल्या. हर्डीकर मंगेशकर झाले. गावाला 'कर' लावून माणूस तयार करण्याची मराठीची जी टाकसाळ आहे, तीत आता आकडे पडू लागले. परदेशी गेलेली मंडळी लंडनकर, दुबईकर होतात तेही याच टाकसाळीतून. आकड्यांपैकी ९६ हा मात्र वेगळ्या जातीचा, अक्षरशः जातीचा, आणि तो कुणी कशासाठी लावतो हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. नात्याचे नाव प्रेमाचे असते तसे कुंपणाचेही असते. संपादकांनी हा भाग टाळला नाही, हे त्यांनी बरे केले.

नावाचे वय हा या पुस्तकाचा मला भावलेला दुसरा धागा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाला डॉ. कीर्तिकरांनी बालकवी म्हटले. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला तेव्हा त्याला अठ्ठाविसावे वर्ष चालू होते, त्यामुळे नाव अंगाला घट्ट होण्याची वेळच आली नाही. आपल्यापैकी बहुतेक जण जगतात. सोळाव्या वर्षी घेतलेले 'स्वीट' किंवा 'किलर' पस्तिसाव्या वर्षी गृहकर्जाच्या अर्जावर लिहावे लागते, आणि बँकेतला माणूस ते मोठ्याने वाचून खात्री करून घेतो. इथल्या काही लेखकांनी अशी नावे लाजून टाकून दिली. काहींनी मुद्दाम जपली. जपणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

एकाच माणसाने दोनतीन खाती काढून आपणच आपली पाठ थोपटण्याला मराठी आंतरजालावर 'डू आयडी' म्हणतात. त्यावर इथे एक स्वतंत्र लेख आहे आणि तो हसत हसत वाचण्याजोगा आहे, म्हणून जास्त सांगत नाही.

शेवटी कायद्याविषयी. सर्वांना खरेच नाव वापरायला लावले की घाण थांबेल, ही सूचना दर दोनतीन वर्षांनी पुढे येते. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांसाठी तसा कायदा केला. २०१२ साली तिथल्या घटना न्यायालयाने तो रद्द केला. त्याच २०१२ साली आपल्याकडे पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून आणि दुसरीने त्या पसंत केल्या म्हणून. दोघी उघड आपल्या नावाने वावरत होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलमाचा त्यात वापर झाला ते ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले, पण तोवर त्यांना जे भोगायचे ते भोगून झाले होते. खऱ्या नावाने बोलणाऱ्याला सांभाळण्याची हमी समाज देत नसेल, तर खोट्या नावाने बोलणाऱ्याला जाब विचारण्याचा त्याचा अधिकार दुबळा पडतो, असे माझे मत आहे. धमक्या देणारा सापडायलाच हवा आणि पोलिसांनी मनावर घेतले तर तो सापडतो. त्यासाठी प्रत्येक विभावरीच्या दारावर पाटी लावण्याची गरज नाही.

कवी दिनकर गंगाधर केळकर हे अज्ञातवासी या नावाने लिहीत. पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा करून त्यांनी जे संग्रहालय उभे केले त्याला स्वतःचे नाव दिले नाही, टोपणनावही दिले नाही; अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे दिले. आज फलकावर राजा दिनकर केळकर असे वाचून पुष्कळ लोक ते एकाच माणसाचे नाव समजतात. नावामागची हकीकत वेळेवर नोंदली नाही की असे होते. ज्युलियन कुठून आला यावर अजून दोन मते आहेत. ग्रेस कुठून आला हे कवीने सांगितले म्हणून कळले. आजच्या नावांचे आयुष्य तर त्याहून कमी. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले आणि त्याच्याबरोबर कितीतरी मराठी नावे गेली, ती कुणी का घेतली होती हे आता ज्याचे त्यालाच ठाऊक.

म्हणून वाचकांना एक विनंती. हे पुस्तक वाचून झाले की आपण घेतलेले पहिले नाव, ते घेतल्याचे साल आणि ते कुणावरून सुचले, एवढे एका कागदावर लिहून घरात ठेवा. पासवर्ड मात्र लिहू नका.